माझ्या प्रशिक्षणाची परीक्षा

३ जुलै, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. हे वर्ष ऐतिहासिक ठरणार आहे आणि इतिहास लिहायला ऐनवेळी माणूस मिळत नाही, म्हणून आपणच लिहिलेला बरा.

पार्श्वभूमी. गेली अकरा वर्षं मी शाळांमधल्या गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांना प्रशिक्षण देतो. कोर्स बारा दिवसांचा. नाव ‘उजळणीकडून उमजेकडे’. नाव माझंच. दोन हजारांवर शिक्षक माझ्या हाताखालून गेले. अभिप्रायाच्या फॉर्मवर सत्त्याण्णव टक्के लोकांनी ‘उत्तम’वर खूण केली आहे. उरलेल्या तीन टक्क्यांची तक्रार हॉलमधल्या पंख्याबद्दल होती.

आता खात्याने ठरवलंय की या प्रशिक्षणाने मुलांचे मार्क वाढतात का, ते मोजायचं. वाढले तर कार्यक्रम सगळ्या शाळांत आणि मी त्याचा प्रमुख. नाही वाढले तर कार्यक्रम बंद, माझी पोस्ट रद्द आणि मी एखाद्या शाळेत मास्तर. हे संचालक साहेबांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. मी मोकळेपणाने हसलो. ते हसले नाहीत, पण त्यांना दाढदुखी आहे.

संकल्प : रोज साडेपाचला उठणे. सांख्यिकीच्या पुस्तकाची रोज दहा पानं. निकाल लागल्यावर डोक्यात हवा जाऊ न देणे.

४ जुलै, सकाळी ७.५०
उठायला जरा उशीर. गजर झाला होता. तो बंद मीच केला असं लेक म्हणते. पुरावा नाही.

९ जुलै
मूल्यमापन करणाऱ्या बाई आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. हातात एक वही आणि एक पेन, बस्स. ऑफिसात त्यांचं नाव लगेच ‘आकडेबाई’ पडलं. मी चौसष्ट स्लाइड्स तयार ठेवल्या होत्या. पाचव्या स्लाइडला त्यांनी हात वर केला आणि विचारलं, मुलांना काय आलं हे तुम्हाला कसं कळतं? मी त्यांना कपाटं दाखवली. तीन कपाटं, अकरा वर्षांचे फॉर्म. त्यांनी विचारलं, यात मुलांचा एखादा आहे का? मी समजावून सांगितलं की प्रशिक्षण शिक्षकांचं असतं, मुलांचं नव्हे. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

प्रभाव पडलेला दिसतो.

१२ जुलै
आज शाळांची निवड. ज्यांचे शिक्षक अजून माझ्या हाती लागलेले नाहीत अशा चाळीस शाळा. वीस शाळांना यंदा प्रशिक्षण, वीस शाळांना पुढच्या वर्षी. वर्षाअखेर दोन्हींकडच्या मुलांचे मार्क शेजारी शेजारी ठेवून बघायचे. मी म्हणालो, यंदाच्या वीस मी निवडून देतो, मला चांगल्या शाळा माहीत आहेत. आकडेबाई म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही निवडायच्या नाहीत. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. डबा हलवण्याचा मान मला.

पहिल्या वीस चिठ्ठ्या यंदाच्या. सत्ताविसावी चिठ्ठी निघाली आमच्या हिच्या शाळेची. ‘पुढच्या वर्षी’.

ही गेली वीस वर्षं सहावी-सातवीला शिकवते. शाळेतली गणिताची दुसरी जागा दोन वर्षं रिकामी, त्यामुळे गणितही तीच आणि विज्ञानही तीच. माझ्या कोर्सला ही कधीच आलेली नाही. दरवर्षी मी फॉर्म घरी आणतो आणि दरवर्षी त्याच्या पाठीमागे किराणा मालाची यादी होते. कारण विचारलं की एकच उत्तर : माझे वर्ग कुणाच्या गळ्यात घालू?

संध्याकाळी तिला चिठ्ठीचं हळूच सांगितलं. म्हणाली, बरं झालं, सुटले. किती धीराची आहे. मार्चमध्ये तिची शाळा मागे पडेल तेव्हा काय बोलायचं, ते मी आत्ताच ठरवून ठेवलंय : मार्क म्हणजे काही सर्वस्व नव्हे. हे वाक्य तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं.

आईने विचारलं, कसली परीक्षा आहे? अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून म्हणाली, नीट अभ्यास कर.

२० जुलै
दोन्ही गटांतल्या मुलांची पहिली चाचणी झाली. दोन्हीकडे सरासरी शंभरात एक्केचाळीस. दोन्ही गट सारखे निघाले म्हणून आकडेबाई खूश. एवढ्याशा गोष्टीवर खूश होणारी माणसं मला आवडतात.

सांख्यिकी : पान १४. सरासरी कळली. पुढच्या पानावर एक चिन्ह आहे. ते उद्या.

५ ऑगस्ट
शुभारंभ! दर शाळेतून दोघं, एकूण चाळीस शिक्षक. सकाळी चेंडू फेकून ओळख. मग कागदाच्या टोप्या. मग गटचर्चा, विषय : ‘भूमितीने मला काय दिलं?’ टाळ्यांवर टाळ्या. एका मास्तरांनी हळूच विचारलं, अपूर्णांक कधी घेणार? मुलांचं घोडं तिथेच अडतं म्हणे. मी म्हणालो, आपण अपूर्णांकांच्या पलीकडे जाणार आहोत. ते गप्प बसले. भारावले असावेत.

विज्ञानाची बाजू माझे सहकारी सांभाळतात. सेल, वायर आणि बल्ब हा त्यांचा गाजलेला प्रयोग, त्यामुळे त्यांना सगळे बल्बसर म्हणतात. आज बल्ब लागला नाही. होल्डर खराब होता.

घरी हिने विचारलं, चाळीस मास्तर तुझ्याकडे, मग त्यांचे वर्ग कोण घेतंय? मी म्हणालो, व्यवस्था झाली आहे. काय व्यवस्था? मी म्हणालो, तसा आदेश निघालाय. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. रोज वर्गात राहून राहून माणसाची नजर वर्गाएवढीच होते, त्याला इलाज नाही.

१७ ऑगस्ट
समारोप. अभिप्राय : शंभर टक्के ‘उत्तम’. पंखा दुरुस्त करून घेतला होता.

१० सप्टेंबर
पहिली शाळाभेट. एक चष्मेवाले मास्तर बल्बचा पाठ घेत होते. अगदी आम्ही शिकवला तसा. वर्ग चिडीचूप, मुलं चमकदार. मास्तरांनी विचारायच्या आत उत्तर तयार. वायर जोडायच्या आधीच चाळीस मुलं एका सुरात ओरडली : लागला!

रिपोर्टमध्ये लिहिलं : ‘विद्यार्थ्यांची पूर्वानुमानशक्ती लक्षणीय.’

२४ सप्टेंबर
दुसरी शाळा. इथेही बल्बचाच पाठ. आश्चर्य म्हणजे बल्बही तोच. काचेवर निळा ठिपका होता, मी ओळखला. चष्मेवाल्या मास्तरांकडून आणला म्हणे. शिक्षकांमध्ये असा एकोपा प्रशिक्षणानेच येतो.

निघताना एका मुलीने विचारलं, पाहुणे आले की दरवेळी बल्बच का असतो? तिच्या बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. मी हसून तिच्या डोक्यावर टपली मारली. गोड पोर. उत्तर द्यायचं राहिलं.

२९ सप्टेंबर
लेक यंदा दहावीला. आज आपणहून म्हणालो, गणितात काही अडत असेल तर विचार. म्हणाली, आईला विचारीन बाबा, तुम्ही बिझी आहात. आणि दार लावून घेतलं. या वयात इतकी समज! ऐतिहासिक वर्षात बापाला त्रास द्यायचा नाही, हे तिला न सांगता कळलं.

८ ऑक्टोबर
मनःस्ताप. पूर्वसूचना न देता एका लांबच्या शाळेत गेलो. जायला दोन तास बस. बघतो तर प्रशिक्षित शिक्षकाचा पत्ता नाही! दोन वर्ग एका खोलीत कोंबलेले, एकेका बाकावर चारचार मुलं, फळ्यावरून पाढे उतरवून घेतायत. दारात शिपाई पट्टी घेऊन उभा. माझं डोकं फिरलं. बारा दिवस जिवाचं रान करून शिकवायचं आणि यांनी वर्ग वाऱ्यावर सोडून गायब व्हायचं! कडक रिपोर्ट लिहायला पेन काढलं. शिपायाला दरडावून विचारलं, मास्तर कुठे आहेत?

म्हणाला, ट्रेनिंगला.

कुणाच्या?

माझ्याच. आजपासून दोन दिवसांचं पाठपुरावा सत्र. तारीख मीच दिली होती. सत्र बल्बसर घेणार म्हणून माझ्या डोक्यातून गेलं.

रिपोर्ट लिहिला नाही. परतीची बस चुकली. शिपायाने चहा पाजला. भला माणूस. पाढेही त्याला बरे येतात, सतराचा पाढा फळ्यावर त्यानेच लिहिला होता.

९ ऑक्टोबर
घरी कालचं सांगितलं नाही. तरी हिने विचारलंच, काल चेहरा का पडला होता? मी म्हणालो, बस लागली.

१५ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलावर रोज वह्यांचे ढीग. ही वह्या तपासत नाही, ढीग करते. एक ढीग ज्यांना कळलं त्यांचा, एक अर्धवट कळलं त्यांचा, एक अजिबात न कळलेल्यांचा. मग तिसऱ्या ढिगातल्या वह्या एकेक उघडून बघत बसते की हा नेमका कुठे घसरला. मी तिला आधुनिक मूल्यमापनावर वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जरा तो तिसरा ढीग उचलून इकडे दे.

उचलला. पूर्वीपेक्षा हलका लागला. ताट ठेवायला जागा झाली, हे महत्त्वाचं.

१८ डिसेंबर
अर्धवार्षिक चाचणी. प्रशिक्षित शाळा : सेहेचाळीस. अप्रशिक्षित शाळा : सत्तेचाळीस.

बल्बसरांचं तोंड उतरलं. त्यांना तीन वेळा पाणी दिलं. मी मात्र शांत. एका गुणाने काय होतं! शिवाय जे खोलवर रुजतं ते वर यायला वेळ लागतो. आमचं प्रशिक्षण इतकं खोल गेलंय की ते अजून मुलांपर्यंत पोचलेलं नाही. आकडेबाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, लिहून घेऊ का? मी म्हणालो, अवश्य.

मुळात एक्केचाळीसवरून सेहेचाळीस म्हणजे पाच गुणांची वाढ! दुसऱ्या गटाचीही वाढ झाली आहे, पण ती का झाली, याचं काहीच स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नाही. आमच्यापाशी आहे.

४ जानेवारी
नवा संकल्प : साडेपाच नव्हे, सहा. व्यवहारी असावं माणसाने.

सांख्यिकी : पान १७. चिन्हाच्या पलीकडे उडी मारली. तिथे एक फार सुंदर कल्पना सापडली. काही आकडे इतके वेगळे असतात की ते बाजूला काढून ठेवता येतात! लगेच आकडेबाईंना फोन केला आणि आमच्यातल्या सर्वांत कमी मार्कांच्या तीन शाळा बाजूला काढण्याची सूचना केली. त्या म्हणाल्या, काय बाजूला काढायचं हे मार्क बघण्याआधी ठरवायचं असतं, आणि ते जुलैत ठरलंय. कागदावर तुमची सहीसुद्धा आहे.

आहे खरी. सही चांगली आली आहे.

पुन्हा पान १४.

११ जानेवारी
युक्ती सुचली! फेब्रुवारीत, वार्षिक चाचणीच्या तोंडावर, आमच्या चाळीस शिक्षकांसाठी पाच दिवसांचं ‘संजीवनी शिबिर’. संचालक साहेबांनी गालाला हात लावला. म्हणाले, परीक्षेआधी? मी म्हणालो, परीक्षेआधीच तर! त्यांनी सही केली. आकडेबाईंनी फक्त एवढंच म्हटलं की हेही दिवस मी मोजणार आहे. मी म्हणालो, मोजा की, आमचे कष्ट कुणीतरी मोजलेच पाहिजेत.

हिला सांगितलं. म्हणाली, अरे, पोरांचा पोर्शन राहिला असेल, त्यांच्या मास्तरांना घेऊन कुठे बसतोस? मी म्हणालो, तुझ्या शाळेला शिबिर नाही म्हणून तुला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. ती स्वयंपाकघरात गेली. आतून झाकणं आपटल्याचे आवाज आले. वाईट वाटणारच.

१७ फेब्रुवारी
शिबिराचा शेवटचा दिवस. जेवणानंतर चाळीसपैकी एकतीस जण डोळे मिटून बसले होते. चिंतन. एक बाई मात्र पहिल्या दिवसापासून घाई करत होत्या. दोन धडे राहिलेत, मला जाऊ द्या सर, हात जोडते. मी म्हणालो, बाई, मोठ्या कामासाठी त्याग करावा लागतो. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पाचही दिवस पिशवीतून आणलेल्या वह्या तपासत राहिल्या. त्यांच्या फॉर्मवर फक्त ‘ठीक’.

सत्त्याण्णव टक्के टिकून आहेत.

१२ मार्च
आज वार्षिक चाचणी. सकाळपासून अस्वस्थ. आईने जाताना हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, पेपर सोपा जाईल. मी म्हणालो, आई, पेपर मला नाही. ती म्हणाली, घाबरू नकोस.

एका शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. मुलं बाहेर आली. एकाला विचारलं, कसा गेला? म्हणाला, बल्ब आलाच नाही.

२ एप्रिल
निकाल परवा. भाषण तयार आहे. सुरुवात नम्र : ‘हे यश माझ्या एकट्याचं नाही.’ आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. लेक म्हणाली, ‘एकट्याचं’वर जोर नको, खरं वाटत नाही. तिथे जोर कमी केला. कोट इस्त्रीला दिला आहे. कोट शिवल्यापासून थोडा आखडलाय, बटण लागत नाही. उघडाच घालावा, साधेपणा दिसतो.

४ एप्रिल, दुपारी ३.१५
प्रशिक्षित शाळा : बावन्न.
अप्रशिक्षित शाळा : पंचावन्न.

४ एप्रिल, संध्याकाळी
मघाशी एवढंच लिहून पेन ठेवलं होतं.

आकडेबाई हळू आवाजात बोलत होत्या. प्रशिक्षणाचा मुलांच्या मार्कांवर परिणाम आढळला नाही. मी म्हणालो, परिणाम नाही म्हणता, मग तीन गुण कमी कसे? तिथे मला वाटलं, बाईंना चांगलं पेचात पकडलं. त्यांनी पान उलटलं. बारा दिवस कोर्सचे. दोन-दोन दिवसांची तीन पाठपुरावा सत्रं, म्हणजे सहा. संजीवनीचे पाच. एकूण तेवीस दिवस आमचे शिक्षक वर्गात नव्हते. ज्या शाळेत शिक्षक जितके जास्त दिवस वर्गात, तिथे मार्क तितके जास्त. दोन्ही गटांत. तीन गुणांचा हिशेब जवळजवळ तिथेच लागतो म्हणे.

म्हणजे माझे कष्ट कुणीतरी मोजले.

मी बरंच काही बोललो. चिठ्ठ्या नीट मिसळल्या नव्हत्या, म्हणालो. संचालक साहेब म्हणाले, डबा तुम्हीच हलवला होता. पेपर अवघड होता, म्हणालो. पेपर दोन्हीकडे एकच होता. मुलंच तशी होती, म्हणालो. आकडेबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. बल्बसर खाली बघत होते.

भाषणाचा कागद कोटाच्या खिशातच राहिला.

चाळीस शाळांची यादी शेवटच्या पानावर आहे. पहिला नंबर आमच्या हिच्या शाळेचा. बहात्तर.

घरी आलो तेव्हा तिला माहीत होतं. सगळ्या शाळांना दुपारीच कळवलंय. तिने पहिल्या नंबराचं अवाक्षर काढलं नाही. चहा टाकला. माझ्यासमोर बसली आणि चहा संपेपर्यंत बसून राहिली. जुलैत मी तिच्यासाठी वाक्य तयार करून ठेवलं होतं. तिने माझ्यासाठी काही तयार केलं नव्हतं. मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो. अकरा वर्षं, दोन हजार शिक्षक. प्रत्येकी बारा दिवस. किती वर्ग, किती दिवस शिपायासमोर पाढे लिहीत बसले असतील? गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला.

आईने विचारलं, लागला का निकाल? मी म्हणालो, हो. नापास. ती म्हणाली, असू दे, पुढच्या वर्षी पुन्हा बस.

२० एप्रिल
कार्यक्रम बंद. पोस्ट रद्द. तीन कपाटं रद्दीत. जाताना संचालक साहेबांनी पाठीवर हात ठेवला. शाळांच्या रिकाम्या जागांची यादी दिली आणि म्हणाले, त्यातल्या त्यात घराजवळची बघा.

सर्वांत जवळची जागा एकच आहे. गणित, सहावी. आता तीन वर्षं रिकामी.

२१ एप्रिल
हिला सांगितलं. म्हणाली, शाळेत मला मॅडम म्हणायचं. मी म्हणालो, अर्थातच. मग थोड्या वेळाने विचारलं, घरी? तिने भाजीची पिशवी माझ्या हातात दिली.

दुसरी बाजूही बघितली पाहिजे. वर्गात राहून एक नवा दृष्टिकोन मिळेल. अनुभवाच्या जोरावर महिन्याभरात शाळेचा चेहरामोहरा बदलता येईल. सहावीचं गणित ते काय!

१७ जून
सहावीत पहिला तास. चौतीस मुलं. चेंडू नेला होता. चेंडू पहिल्या पाच मिनिटांत खिडकीतून बाहेर गेला, तो आणायला सहा मुलं गेली, त्यांना आणायला मी गेलो. उरलेल्या वेळात सूचना दिल्या.

१८ जून
अपूर्णांकांचा भागाकार. सोपा विषय. तीन भागिले अर्धा. अर्धा उलटा करा आणि गुणा. टाळी वाजवत वाजवत म्हणायला लावलं : उलटा, गुणा! उलटा, गुणा! उत्तर सहा. वर्ग दणाणला. वाटलं, जमलं.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, भागलं की कमी होतं ना? मग तीनचे सहा कसे झाले?

मी म्हणालो, तसा नियम आहे. म्हणाली, पण का? मी म्हणालो, तो भाग आपण पुढे बघणार आहोत. ती बसली. समाधान झाल्यासारखी नव्हे, सवय असल्यासारखी.

पुढे कुठे बघणार? मला माहीत नाही. हे मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. मला नियम माहीत आहे. का, ते माहीत नाही. कुणी विचारलंच नव्हतं. नाही, एका मास्तरांनी विचारलं होतं, अपूर्णांक कधी घेणार.

संध्याकाळी हिच्यामागे दोन फेऱ्या मारल्या. शेवटी विचारलं. तिने जुन्या वर्तमानपत्राचे तीन कागद घेतले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, यातून अर्धे-अर्धे कागद किती निघतील, फाडून बघ. मी फाडले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

म्हणाली, भागणं म्हणजे कितीदा मावतं ते बघणं. तुकडा लहान, म्हणून जास्तीदा मावतो. आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

मी ते सहा तुकडे बराच वेळ हातात धरून बसलो होतो. छान वाटलं. लाजही वाटली.

१९ जून
वर्तमानपत्रं नेली. चौतीस मुलांनी फाडाफाडी केली. वर्गात फार कचरा झाला. चेंडू नाही, टोप्या नाहीत, टाळ्या नाहीत. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाला एक गणित दिलं. पाच भागिले पाव. वह्या घेतल्या आणि एकेक करून मोजल्या.

अकरा जणांचं बरोबर.

चौतीसपैकी अकरा. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं बरोबर आहे. बाकीच्या तेवीस जणांचं आलं नाही. ते का आलं नाही, हे बघायला बसलो तर चार वह्यांतच तास गेला.

संध्याकाळी ७.३०
हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, एवढं काय त्यात? मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा गणित दिलं, तर माझ्या वर्गात सात जणांचं बरोबर आलं होतं.

सात!

जीव भांड्यात पडला. आज वीस वर्षांनी चाळीस शाळांत पहिली आलेली बाई, आणि तिचे सात. माझे अकरा. म्हणजे सुरुवातीलाच मी चारने पुढे. या गतीने दिवाळीपर्यंत मी कुठे असेन! बल्बसरांना फोन करून सांगितलं. आईला सांगितलं. उद्यापासून साडेपाचला उठणे.

२० जून, सकाळी ७.१०
कितीपैकी सात, हे काल विचारायचं राहिलं होतं. आत्ता विचारलं.

नऊपैकी.